आतल्या थरातली अक्षरं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून—की कारण वेगळंच आहे? बहुधा वेगळं असेल. हा 'बहुधा' मी नोकरीभर दुसऱ्यांच्या बातम्यांमधून खोडत आले.

लखनौच्या एका हिंदी दैनिकात मी होते. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या बँकेच्या बदलीबरोबर साताऱ्याहून इथे आले. बदली पुढे संपली, आम्ही राहिलो. माझ्याकडे रविवारची पुरवणी होती आणि रोजची एक छोटी चौकट होती, भूल-सुधारची. कुणाचं आडनाव चुकलं, कुणाचा हुद्दा चुकला, एका माणसाच्या बातमीवर दुसऱ्याचा फोटो गेला, की दुसऱ्या दिवशी दोन ओळी. चूक काय झाली, बरोबर काय आहे. कारणं नाहीत, गळा काढणं नाही. त्या दोन ओळी माझ्याइतक्या स्वच्छ कुणी लिहीत नाही असं संपादक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

मग एक चौकट का राहिली?

खुर्चीपासून सुरुवात करते. ती आत्ता माझ्या घरात आहे, मागच्या भिंतीला लावलेली. मी लिहिते आहे आणि माझी पाठ तिच्याकडे आहे—मुद्दाम. प्लायवुडची खुर्ची आहे. पाठ आणि बैठक वेगळी नाही, एकच फळी वरून खाली येते, वळते, पुढे जाते आणि गुडघ्यांपाशी पुन्हा खाली वळते. दोन्ही बाजूंना प्लायवुडचीच बंद वर्तुळासारखी चौकट, तेच हात आणि तेच पाय. गादी नाही, स्प्रिंग नाही, नक्षी तर नाहीच. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या काळात युरोपातल्या काही लोकांनी लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून अशा खुर्च्या करायला सुरुवात केली. लाकूड कापून जोडायचं नाही, वळवायचं. तेव्हा ते फार नवं होतं. आजही ती खुर्ची नवीच दिसते. माझ्या घरात सगळ्यात जुनी वस्तू तीच आहे आणि सगळ्यात नवीही तीच दिसते.

ती दामलेकाकांची होती.

काका अलीगंजला राहायचे. वीज खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर, घरात सून मंजिरी, तिची मुलं आणि काका. इथल्या मराठी मंडळात ते सगळ्यांना ठाऊक होते, आणि खरं सांगायचं तर सगळे त्यांना थोडे टाळायचे. कारण अण्णा. अण्णा म्हणजे काकांचे वडील. इंग्रजांच्या काळात इथल्या एका शाळेत सुतारकाम शिकवायला ते आले होते. काकांच्या तोंडी अण्णांनी सगळंच केलेलं असायचं. गव्हर्नरच्या बंगल्यातला जिना अण्णांचा. घंटाघराचं घड्याळ बंद पडलं तेव्हा चालू केलं अण्णांनी. एका नवाबानं त्यांना हत्ती देऊ केला होता, अण्णांनी दारात बांधायला जागा नाही म्हणून परत पाठवला. मंडळात कुणीतरी हमखास विचारायचं, "काका, इमामबाड्याच्या छताचं काय? तेही अण्णाच ना?" काका शांतपणे म्हणायचे, "नाही, त्या वेळी ते रजेवर होते." इमामबाडा अण्णांच्या जन्माआधी शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा, म्हणून हशा व्हायचा. काकाही हसायचे. असा माणूस.

आणि म्हणायचे, ती खुर्ची अण्णांनी केली.

पुरवणीसाठी काहीतरी हवं होतं म्हणून मी त्यांच्याकडे गेले. खुर्चीवर चादर होती. घरात सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचे. काकांनी चादर काढली आणि गोष्ट सांगितली. ती तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तेव्हा मी ती छापली नाही.

साहेबलोकांच्या क्लबच्या वाचनालयात एका खिडकीची चौकट बसवायला अण्णा गेले होते. तिथल्या विलायती मासिकात त्यांनी अशा खुर्चीचा फोटो पाहिला. घरी येऊन म्हणाले, ही होईल. प्लायवुड कुठून आणणार? चौकातल्या चहाच्या दुकानदारांकडून रिकामी खोकी आणली. तेव्हा चहा प्लायवुडच्या खोक्यांतून यायचा. फळ्या सुट्या केल्या आणि न्हाणीतल्या तांब्याच्या घंगाळात, बंबातल्या उकळत्या पाण्यात भिजत घातल्या. लाकूड चिकटवायचा सरस सुटला, पापुद्रे मोकळे झाले. "लखनौची जानेवारीची थंडी, आणि घरादाराच्या आंघोळी गार पाण्यानं," काका म्हणाले. "आई अण्णांशी आठवडाभर बोलली नाही." पापुद्रे ओले असतानाच साच्यावर वळवून वाळवले, मग सरस लावून, सांध्यावर सांधा येऊ न देता एकावर एक रचले. शेवटी वरचा साचा ठेवला आणि त्यावर जातं, पाटा, वरवंटा, वाळूची पोती. घरात चटणी बंद. तरी एका कोपऱ्यात फट राहत होती. तेव्हा अण्णांनी लहानग्या काकांना उचललं आणि त्या कोपऱ्यावर बसवलं. म्हणाले, हलू नकोस, तुझ्या वजनानं वळतंय.

काका बसले. संध्याकाळपर्यंत. जेवणही तिथेच.

"आणि खोक्यावरची अक्षरं?" मी विचारलं. चहाच्या खोक्यांवर मळ्याचं नाव काळ्या शाईनं छापलेलं असायचं. काका खुशीत आले. "पत्रकारीणबाई, बरोब्बर विचारलंस. अण्णांनी अक्षरं आत वळवली. लोकांना कळायला नको ना खोक्याची आहे ते. आत आहेत. माझ्या डोळ्यांदेखत चिकटवली." मग खुर्चीवर चादर घालत म्हणाले, "हिला ऊन चालतं. ओल चालत नाही. अण्णा तेवढं एकच सांगून गेले."

मी जुन्या फर्निचरच्या दिल्लीतल्या एका जाणकारांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला. आवाजात खात्री होती. हे लाकूड बर्चचं आहे, ते म्हणाले, बर्च तुमच्याकडे कुठून येणार? ही युरोपातली खुर्ची आहे, कुणा साहेबानं आणली असेल आणि जाताना इथे टाकली असेल. मी म्हटलं, घरचे म्हणतात वडिलांनी केली. ते हसले. "घरचे म्हणतातच, मॅडम."

मी लेख लिहिला. मथळा होता, 'अलीगंज की विलायती मेहमान'. अण्णांना मी एक परिच्छेद दिला आणि त्याच्या शेवटी हे वाक्य: 'परिवार के इस दावे का कोई प्रमाण नहीं मिलता।' त्या दिवशी ते वाक्य खोटं नव्हतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, क्रम नीट लागावा म्हणून सांगते आहे.

लेख गाजला. दिल्लीत आधुनिक शैलीच्या जुन्या फर्निचरचं प्रदर्शन भरणार होतं, तिथल्या लोकांनी खुर्ची मागितली. लेख वाचून काका माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते, पण या निमित्तानं त्यांचा फोन आला. "जाऊ दे दिल्लीला. तिथे कुणीतरी शहाणा माणूस ओळखेल." मात्र ट्रकवाल्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. ट्रक येईपर्यंत खुर्ची माझ्याकडे राहावी, म्हणाले. तुझ्याच हातानं चढव.

जून संपत आला होता. पाऊस लांबला होता, लू म्हणजे इकडचा भाजणारा वारा चालू होता, दुपारी दारं-खिडक्या बंद. असल्या कोरड्या हवेत लाकूड तडकेल असं मला वाटलं. म्हणून मी खुर्ची हॉलमध्ये ठेवली, कूलरच्या समोर.

लखनौचा कूलर तुम्ही पाहिला आहे? टाकीत पाणी, बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आणि दिवसभर ओला वारा. मला वाटलं, तिला बरं वाटेल. माणसाला वाटतं तसं. ओल चालत नाही हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

काही दिवसांनी दुपारी एक आवाज आला—नखानं टेबलावर टिचकी मारावी तसा. मग पुन्हा. मी जवळ गेले. बैठकीच्या मागच्या कडेला, जिथे फळी पाठीकडे वळते तिथे, वरचा पापुद्रा सुटला होता. सरस हरला होता. मी सुरीचं पातं आत घातलं आणि पापुद्रा अलगद उचलला. का उचलला? खाली काय आहे ते बघायला. म्हणजे मला शंका होती. हे आज कळतं.

आत अक्षरं होती. काळी, ठळक, इंग्रजी. टी, ई आणि अर्धा कापलेला ए. त्याखालच्या ओळीत आसामची पहिली चार.

पुढे कधीतरी थोडी शोधाशोध केली आणि बर्चचंही जागेवर बसलं. त्या काळी चहाच्या खोक्यांचं प्लायवुड थंड देशांतून जहाजानं आसामला यायचं, बर्चचं. तिथे चहा भरला जायचा, मळ्याचं नाव छापलं जायचं, खोकी देशभर जायची. जाणकारांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. लाकूड विलायती होतं. खुर्ची नव्हती.

पण त्या दुपारी अक्षरंच पुरेशी होती, मला फक्त फोन उचलायचा होता. काका, आहेत. आत आहेत.—एवढंच. मग दोन ओळींची चौकट. ती तर माझीच होती.

मी फोन उचलला नाही. लेख गाजलेला होता. प्रदर्शनाची पाटी माझ्या लेखावरून लिहिली गेली होती. जाणकारांनी पुढच्या कामासाठी माझं नाव सुचवलं होतं. आणि खुर्ची माझ्या कूलरसमोर उकलली हेही सांगावं लागलं असतं. अशी कारणं मी तुमच्यापुढे मांडते आहे खरी, पण त्या दुपारी मी ती मोजली नव्हती. मी चप्पल घालून थेट हार्डवेअरच्या दुकानात गेले. लाकडाचा गोंद मागितला. दुकानदारानं विचारलं, "कैसा दूँ? बाद में खोलना पड़ेगा कभी?"

मी म्हटलं, "नहीं भैया. कभी नहीं. वॉटरप्रूफ दीजिए."

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. माझ्याच आवाजात, अगदी सहज.

पापुद्रा चिकटवला. वजन हवं होतं. घरात जातं नव्हतं, पाटा नव्हता. स्वयंपाकघरातून भरलेला गॅस सिलेंडर आणला आणि घडी घातलेल्या रजईवर ठेवला. तरी कोपऱ्यात बारीक फट राहत होती. मग—हे सांगणं सगळ्यात अवघड आहे—मी स्वतः त्या कोपऱ्यावर बसले. गोंद धरेपर्यंत. हलले नाही.

नवरा बँकेतून आला तेव्हा खुर्ची भिंतीशी उभी होती. कूलर बंद. "उकडतंय की," तो म्हणाला. मी म्हटलं, लाकडाला ओल चालत नाही.

खुर्ची दिल्लीला गेली आणि काकांकडे परत आली. कुणी शहाणा माणूस भेटला नाही. पाटीवर लिहिलं होतं, युरोप, कर्ता अज्ञात. मग एका सकाळी काका हजरतगंजच्या आमच्या ऑफिसात आले. अलीगंजहून ऑटोनं, एकटे. हातात कापडी पिशवी. तिच्यातून त्यांनी करवत काढून माझ्या टेबलावर ठेवली. आजूबाजूचे सगळे बघायला लागले.

"अण्णांची आहे," काका म्हणाले. "चल. फोटोग्राफर घे. खुर्ची कापू या."

"काका, काय बोलताय?"

"आत अक्षरं आहेत म्हणतो ना मी? मग कापून थर उकलल्याशिवाय कशी दिसणार? खुर्ची गेली तर गेली. अण्णा तर राहतील."

आता पाहा, माझ्यापुढे काय होतं. हा माणूस वडिलांच्या हातची उरलेली एकमेव वस्तू स्वतःच्या हातानं कापायला तयार होता. कापली असती तर अक्षरं निघाली असती. त्यांच्याबरोबर माझा गोंदही. त्याचा पांढरा थर कुणाही सुताराला ओळखता आला असता.

मी त्यांना चहा मागवला. खुर्ची जवळ ओढून बसले. वयस्कर माणसांशी बोलण्याचा माझा एक स्वर आहे, मुलाखती घेता घेता आलेला. त्या स्वरात मी म्हणाले, "काका, कापली आणि काहीच निघालं नाही तर? मग खुर्चीही जाईल आणि अण्णाही."

काका करवतीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुला काय वाटतं? खरं सांग. हे सगळे हसतात, तू हसत नाहीस. अण्णा खोटं बोलले असतील?"

गोंदाचं सोडा. माझा गुन्हा तो नाही. गुन्हा पुढचा आहे. मी म्हणाले, "लहानपणी वडील मोठेच दिसतात, काका. आणि आठवणी आपण नंतरही रचतो. त्यात काही वाईट नाही."

काकांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू विचारलं, "मग मी बसलो होतो ते कशावर?"

चहा आला. त्यांनी तो अर्धा प्यायला, करवत पिशवीत घातली, आणि मी त्यांना खाली ऑटोपर्यंत सोडलं. ऑटोत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर सगळे प्रसादाला बसले होते. कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, "काका, मखर छान झालंय. अण्णांनीच केलं का?" काका रजेचं काहीतरी बोलतील म्हणून सगळे थांबले. काका म्हणाले, "अरे, अण्णा थापा मारायचे. मी लहान होतो, मला खरं वाटायचं. खुर्ची विलायतीच आहे."

लोक हसले. प्रेमानंच हसले. म्हातारबुवा शेवटी सरळ झाले असं काहीसं. मीही हसले. हेही लिहून ठेवते: मी हसले.

त्यानंतर काकांनी अण्णांची एकही गोष्ट सांगितली नाही. हत्तीची नाही, घड्याळाची नाही. मंडळात यायचे, कोपऱ्यात बसायचे, प्रसाद घेऊन जायचे. लोक म्हणायचे, काका हल्ली थकले. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

तेराव्यानंतर मंजिरीचा फोन आला. तिचा जन्म इथलाच, तिची मराठी अशी धावत-अडखळत चालते. "ताई, वो चेअर तुम्ही घेऊन जा ना. पप्पा बोलून गेले होते. माझ्या नावानं नको, मुलांच्या पण नको, ताईंनाच दे."

मी विचारलं, मला का?

"बोलले, सब लोग मज़ाक उडाते थे, एक तिनंच मला खरं सांगितलं."

मी जाऊन खुर्ची घेऊन आले. नाही म्हणू शकले असते का? म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. पाहुणे येतात, विचारतात. नवरा कौतुकानं सांगतो, युरोपातली आहे, हिनं शोधून काढली. मी चहा टाकायला आत जाते.

त्या खोलीत आम्ही कूलर लावत नाही. तरीही जुलै-ऑगस्टात हवा दमट झाली की तिच्यातून टिचक्यांसारखे आवाज येतात. अण्णांचा सरस जिथे जिथे आहे तिथे तो अजून थोडा थोडा सुटू पाहतो. मी लावलेला थर मात्र कधीच वाजत नाही. एक कोपरा गप्प असतो. मी कान देऊन ऐकलं आहे, बसून, उभं राहून, हात टेकवून. बाकी सगळी खुर्ची बोलते आणि तो कोपरा गप्प. घरात मी एकटी असले की तिच्यावर कुणीतरी पाय न हलवता, शहाण्यासारखं बसलं आहे असं वाटतं. लहान मूल बसतं तसं. मी वळून बघत नाही.

करवत मंजिरीकडेच राहिली. मी मागितली नाही. वॉटरप्रूफ गोंद गरम पाण्यानं सुटत नाही. तो कोपरा उघडायचा तर आता कापावाच लागेल, आणि मी कापलेला नाही. यापुढे कापेन असंही म्हणत नाही.

चौकट मात्र मला लिहिता येते. ती अशी.

भूल-सुधार: अलीगंज येथील प्लायवुडच्या खुर्चीसंबंधीच्या लेखात तिचा कर्ता युरोपातील असल्याचे म्हटले होते. ते चूक आहे. ही खुर्ची लखनौ येथे अण्णा दामले यांनी चहाच्या खोक्यांपासून तयार केली. खोक्यावरची अक्षरे आतल्या थरात आहेत. लेखिकेने ती पाहिली होती. श्री. दामले लहानपणी ज्यावर बसले होते, तो याच खुर्चीचा साचा होता.